घराच्या छतावरील सौर पॅनेले : परवानगी आणि छताची पारख

खेडोपाडी घरांच्या छतांवर सौर पॅनेले दिसू लागली आहेत. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केल्यानंतर ह्या कामास वेग आला. त्या वर्षी ठरलेल्या दरांप्रमाणे पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये व एकूण जास्तीत जास्त ७८,००० रुपये इतके साहाय्य घरगुती वीजग्राहकास मिळते. एक किलोवॅटच्या संचापासून महिन्याला सरासरी शंभर ते एकशेवीस युनिट वीज मिळते, हा हिशोबही आता बहुतेकांस ठाऊक झाला आहे. शेतातील सौर पंपाची योजना निराळी आहे. तो संच जमिनीवर उभा राहतो आणि त्याचा विचार येथे केलेला नाही.

अर्ज कसा भरावा, कोणती कागदपत्रे जोडावीत, साहाय्य केव्हा जमा होते, ह्याविषयी गावोगाव माहिती सांगितली जाते. परंतु ज्या छतावर हा संच पुढील वीस-पंचवीस वर्षे राहावयाचा, त्या छताकडे पाहण्याची सवय अद्याप लागलेली नाही. पुरवठादार येतो, गच्चीचे माप घेतो, सावली कोठे पडते ते पाहतो आणि दर सांगतो. छप्पर हा भार पेलील काय, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वादळात हा संच छपरावर टिकून राहील काय, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ते विचारावयास हवेत आणि घरमालकासही विचारावयास शिकवावयास हवे.

परवानगी कशाची व कशाची नाही

छतावरील संचास दोन प्रकारच्या मान्यतांचा संबंध येतो. एक विजेची व दुसरी बांधकामाची. ह्या दोहोंची गल्लत होते म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करणे बरे.

विजेची मान्यता वितरण कंपनी, म्हणजे राज्याच्या बहुतेक ग्रामीण भागात महावितरण, देते. पूर्वी प्रत्येक अर्जावर तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी होत असे. २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांसंबंधीचे केंद्रीय नियम सुधारण्यात आले. त्यांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरील संचासाठी केलेला परिपूर्ण अर्ज अशा तपासणीशिवायच मान्य झाला असे समजले जाते. शेतकऱ्याच्या घरास साधारणतः दोन किंवा तीन किलोवॅटचा संच पुरतो. तेव्हा त्याचा अर्ज ह्या सवलतीत सहज बसतो व काम लवकर मार्गी लागते. ही सोय चांगलीच आहे.

परंतु तांत्रिक व्यवहार्यता म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. गावच्या रोहित्राची क्षमता पुरेशी आहे काय, वाहिनी तो प्रवाह घेऊ शकेल काय, एवढ्यापुरतीच ती तपासणी होती. मीटर बसविण्यापूर्वी कंपनीचा कर्मचारी जी पाहणी करतो, तीही विजेच्या जोडणीची व सुरक्षिततेची असते. स्लॅबच्या सळ्या गंजल्या आहेत किंवा माळवदाच्या तुळईस वाळवी लागली आहे, हे पाहणे त्याच्या कामात येत नाही. म्हणून ‘सरकारने मंजुरी दिली, म्हणजे घर तपासूनच दिली असेल’ असे जे बोलले जाते ते बरोबर नाही.

बांधकामाच्या बाजूने पाहता, डिसेंबर २०२० पासून महाराष्ट्रात एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बृहन्मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, गिरिस्थान नगरपरिषदा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे असे काही भाग तिच्यातून वगळले आहेत. ज्या कामांना बांधकाम परवानगी घ्यावी लागत नाही त्यांत ह्या नियमावलीने सौर पॅनेलांचा समावेश केला आहे, पण त्यास दोन अटी आहेत. पॅनेलांचा तळ गच्चीपासून १.८ मीटरपर्यंतच्या उंचीवर असावा, म्हणजे सहा फुटांहून थोडा कमी. आणि परवानाधारक संरचना अभियंत्याकडून, ज्यास व्यवहारात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणतात, इमारतीच्या स्थैर्याची खातरजमा करून घेतलेली असावी.

यांतील दुसरी अट फार थोड्या ठिकाणी पाळली जाते. परवानगी लागत नाही एवढे वाक्य सर्वांच्या लक्षात राहते आणि तिच्या बदल्यात मागितलेली खातरजमा विसरली जाते. वास्तविक ही सवलत देताना नियमाने छताच्या सुरक्षिततेची जबाबदारी सरकारी कचेरीतून काढून घरमालकावर व त्याच्या अभियंत्यावर सोपविली आहे.

पहिल्या अटीचाही थोडा खुलासा करणे अवश्य आहे. खाली वाळवण घालता यावे, उन्हाळ्यात झोपता यावे, म्हणून पॅनेले सात-आठ फूट उंच खांबांवर बसविण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. सोय म्हणून ती समजण्यासारखी आहे. परंतु तसे केल्याने संच वरील सवलतीच्या बाहेर जातो व परवानगीचा प्रश्न उभा राहतो. शिवाय खांबाची उंची दुप्पट केली की आडव्या वाऱ्याने त्याच्या बुडाशी येणारा उलथविणारा जोर दुप्पट होतो. म्हणजे १.८ मीटर ही मर्यादा काही उगीच घातलेली नाही. पॅनेलांखाली पत्रे ठोकून किंवा भोवती भिंत घेऊन खोली केली, तर ते सरळसरळ नवे बांधकाम होय.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत इमारत उभारण्यास किंवा पुन्हा उभारण्यास महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे पंचायतीची पूर्वपरवानगी लागते. जुने छप्पर उतरवून नवा स्लॅब घालावयाचा व त्यावर संच बसवावयाचा, असा बेत असेल तर ही परवानगी आधी घ्यावी. असलेल्या छतावर नुसती पॅनेले बसवावयाची असली तरी ग्रामपंचायतीस लेखी कळवून पोच घेणे शहाणपणाचे ठरते. त्यास खर्च नाही आणि पुढे शेजाऱ्याने तक्रार केली तर कागद हाती राहतो.

कागदांतील दोन अडचणी वारंवार आढळतात. घर नमुना ८ च्या उताऱ्यावर तिघा भावांच्या नावे असते आणि संच एकालाच बसवावयाचा असतो. अशा वेळी इतर सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी, कारण छत सर्वांचे असते. दुसरे म्हणजे, मीटर अद्याप दिवंगत वडिलांच्या नावावर चालू असते. ते आधी आपल्या नावे करून घ्यावे आणि मगच अर्ज करावा.

ओझे किती व वारा किती

आता मुख्य गोष्ट. छतावर इतके सामान चढविल्यावर घर दबेल काय, ही भीती घरमालकाच्या मनात प्रथम येते. ती बहुधा अनाठायी असते. ज्या गोष्टीची भीती बाळगावयास हवी, ती मात्र त्याच्या मनात येत नाही.

तीन किलोवॅटचा संच घ्या. साधारण ५४० ते ५५० वॅटची सहा पॅनेले त्यासाठी लागतात. असे एक पॅनेल सुमारे २.२८ मीटर लांब व १.१३ मीटर रुंद असते आणि त्याचे वजन २८ ते २९ कि.ग्रॅ. भरते. दोन्ही बाजूंस काच असलेले पॅनेल तीन-चार कि.ग्रॅ. अधिक भरते. सहा पॅनेलांचे वजन झाले सुमारे १७५ कि.ग्रॅ.; लोखंडी सांगाड्याचे सव्वाशे धरू. एकूण ३०० कि.ग्रॅ. ओझे साडेपंधरा चौरस मीटरवर, म्हणजे सुमारे १६५ चौरस फुटांवर पसरते. दर चौरस मीटरला वीस किलोसुद्धा भरत नाही. उलट, माणसांचा वावर असणाऱ्या सपाट छतासाठी भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला १५० कि.ग्रॅ. भार धरून रचना करावयाची असते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीचा स्लॅब ह्या हिशोबाने सुमारे १,४०० कि.ग्रॅ. पेलण्यासाठी योजलेला असतो. त्याच गच्चीवर जी एक हजार लिटरची पाण्याची टाकी कोणीही न विचारता ठेवतो, ती भरली म्हणजे एक टन ओझे जेमतेम एका चौरस मीटरवर येते. नीट बांधलेल्या, धडधाकट स्लॅबला पॅनेलांचे ओझे जड नाही.

आता वाऱ्याकडे वळू. पॅनेल दक्षिणेकडे कलते असते, म्हणून त्याची उत्तरेकडील बाजू उंच व उघडी राहते. त्या बाजूने वारा पोटाखाली शिरला की पॅनेल सुपासारखे वर उचलले जाते. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात निरनिराळ्या ठिकाणांसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग दिलेला आहे. पुणे, नाशिक व औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर येथे तो सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर आहे. मुंबई व नागपूर येथे सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. सेकंदाचा वेग मीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दाब न्यूटनमध्ये मिळतो. तो किलोग्रॅममध्ये आणला तर पुणे-नाशिककडे दर चौरस मीटरला सुमारे ९३ कि.ग्रॅ. व नागपूर-मुंबईकडे सुमारे ११८ कि.ग्रॅ. भरतो.

आपल्या साडेपंधरा चौरस मीटरच्या संचास हाच आकडा लावला तर उचलणारा जोर नाशिककडे सुमारे १,४०० कि.ग्रॅ. व नागपूरकडे १,८०० कि.ग्रॅ. हून अधिक होतो. प्रत्यक्ष जोर पॅनेलांचा कल, उंची, कठड्याचा आडोसा व घर गावात आहे की मोकळ्या मळ्यात, ह्यांवर कमीअधिक होईल. गच्चीच्या कडेस व कोपऱ्यांत तो अधिकच असतो. तरीही अंदाज येण्यास हा हिशोब पुरे आहे. संचाचे स्वतःचे वजन ३०० किलो आणि त्यास उचलू पाहणारा वारा चौदाशे ते अठराशे किलोंचा. म्हणजे छत संचाच्या ओझ्याखाली मोडेल काय, यापेक्षा संच छतास नीट जखडला आहे काय, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

ह्या वाऱ्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. वरील सूत्राने त्याचा दाब दर चौरस मीटरला ७० किलोच्याही आतच भरतो. तेवढ्याने रायगड व उत्तर रत्नागिरीतील असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. विदर्भ-मराठवाड्यात चक्रीवादळ पोहोचत नसले, तरी वैशाखातील वळवाची वावटळ गोठ्यांचे पत्रे शेतापलीकडे नेऊन टाकते, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. सुटलेला पत्रा जेवढा घातक, त्याहून तीस किलोचे काचेचे पॅनेल अधिक घातक.

एका रूढ पद्धतीचा येथे समाचार घेतला पाहिजे. स्लॅबला भोक पाडले तर गळती लागेल, ह्या भीतीने सांगाड्याचे पाय सिमेंटच्या ठोकळ्यांत उभे करून ठोकळे गच्चीवर नुसते ठेवून देतात. एक फूट लांब, रुंद व उंच ठोकळ्याचे वजन सुमारे ६८ कि.ग्रॅ. असते. असे सहा ठोकळे म्हणजे ४०८ कि.ग्रॅ.; त्यांत संचाचे ३०० मिळविले तरी ७०८ होतात. नाशिककडील वाऱ्याच्या जोराच्या हे जेमतेम निम्मे आणि नागपूरकडील जोराच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी. नुसत्या वजनावर संच धरून ठेवावयाचा, तर प्रत्येक पायाखाली तीनशे किलोंच्या आसपास काँक्रीट लागेल. मग मात्र ओझ्याचा प्रश्न खराच उभा राहतो आणि ते ठोकळे भिंती किंवा तुळया जेथून जातात तेथेच ठेवावे लागतात. सर्वसाधारण घरास हा मार्ग सोयीचा नाही. स्लॅबमध्ये नीट बसविलेले बोल्ट व त्यांभोवती नीट केलेली जलरोधक भरणी, हाच मार्ग बरा.

छपराचे प्रकार

काँक्रीटचा स्लॅब. स्लॅब पाहावयाचा तो गच्चीवर चढून नव्हे, आधी घरात उभे राहून खालून पाहावा. छताच्या पोटाशी तांबूस डाग, सळीच्या रेषेत गेलेली भेग, सुटलेले पोपडे किंवा उघडी पडलेली सळी दिसली, तर आत गंज शिरला आहे असे समजावे. हलक्या हातोडीने ठोकून पाहिल्यास निरोगी काँक्रीट खणखणीत वाजते आणि सुटलेले पोकळ वाजते. पावसाळ्यात कोठे ओल येते ते घरातील बायकांस विचारावे. पुरुषांपेक्षा त्यांस ते अधिक नेमके ठाऊक असते. मग गच्चीवर जाऊन पाणी कोठे साचते, स्लॅब मध्ये खचला आहे काय, हे पाहावे. ह्यांपैकी एकही खूण आढळली तर आधी दुरुस्ती व मग पॅनेले, असा क्रम ठेवावा. एकदा वर संच बसला की त्याखालील गळती काढणे महाकठीण होते.

पुष्कळ घरांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा व चुन्याचा किंवा सिमेंटचा कोबा असतो. तो तीन-चार इंच जाड असतो. येथे एक फसवणूक, कित्येकदा अजाणता, घडते. बोल्ट कोब्यात ठोकले जातात आणि घट्ट बसल्यासारखे वाटतात. पण कोबा हा बोल्ट धरून ठेवणारा पदार्थ नव्हे, आणि तो स्लॅबला तितकासा चिकटलेलाही नसतो. जेथे पाय यावयाचा तेवढा चौकोन कोबा फोडून खालचे काँक्रीट उघडे करावे, ते खरवडून घ्यावे, बोल्ट किंवा सळ्या खऱ्या काँक्रीटमध्ये बसवाव्यात, वर ठोकळा ओतावा व भोवतालची जागा पुन्हा जलरोधक करावी. भोक पाडताना सळी लागली तर ती कापू नये. भोक थोडे सरकवून घ्यावे व सोडलेले भोक भरून टाकावे. भिंतीजवळ सळ्या स्लॅबच्या वरच्या अंगास असतात, म्हणून तेथे अधिक जपावे.

पाय शक्यतो भिंतींच्या व तुळयांच्या रेषेवर यावेत. छज्जावर किंवा बाहेर काढलेल्या सज्ज्यावर एकही पाय येऊ देऊ नये. गच्चीचा कठडा अर्ध्या विटेचा असेल तर त्यास सांगाडा बांधणे म्हणजे कठडा व संच दोन्ही गमावण्याची तयारी ठेवणे होय. कडेपासून दोन-तीन फूट जागा सोडली तर वाऱ्याचा जोरही थोडा कमी लागतो व पॅनेले पुसण्यास फिरता येते. ग्रामीण आवास योजनेतील घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असते. एवढ्या लहान छतावर तीन किलोवॅटचा संच कडेपर्यंत कोंबण्यापेक्षा एक किंवा दोन किलोवॅटचा बसविणे अधिक योग्य.

पत्र्याचे छप्पर. ज्या घराच्या पत्र्यांवर दगड ठेवलेले आहेत, त्या घराचे परीक्षण रस्त्यावर उभे राहूनच संपते. पत्रे खालच्या लोखंडास वा लाकडास बांधलेले नाहीत आणि मालकास त्यांच्या उडण्याची धास्ती आहे, हे त्या दगडांनीच सांगितलेले असते. अशा छपरावर पॅनेले चढवू नयेत. पत्रे हुक-बोल्टने आडव्या पाइपांस, पाइप कैच्यांस आणि कैच्या भिंतीस, अशी साखळी वरपासून पायापर्यंत पक्की असली तरच पुढचा विचार करावा. पॅनेलाची पकड पत्र्यावर नव्हे, पत्र्याखालील पाइपावर बसली पाहिजे. पॅनेले पत्र्यास समांतर व त्याच्या जवळ बसविली तर वारा खाली कमी शिरतो, हा ह्या छपराचा लाभ होय. आडव्या पाइपांची जाडी व त्यांमधील अंतर मात्र अभियंत्याने मोजूनच ठरवावे, कारण ही छपरे बहुधा केवळ पत्र्याच्या वजनाचा विचार करून केलेली असतात. सिमेंटच्या पत्र्यांवर तर चढूही नये. ते वयाबरोबर ठिसूळ होतात आणि पाय ठेवताच फुटतात.

कौलारू घर. कोकणातील मंगलोरी कौलांचे छप्पर चांगल्या वाशांवर असेल तर कौलांखालून वाशास हुक बसवून त्यावर पॅनेले घेता येतात. सारा भरवसा वाशावर आहे, तेव्हा वासा टोच्याने टोचून पाहावा. टोक सहज आत शिरले किंवा भुगा पडला तर वाळवी किंवा कूज लागलेली आहे. भिंतीवर टेकलेले वाशाचे टोक विशेष पाहावे, कारण ओल प्रथम तेथेच धरते. नळीच्या देशी कौलांच्या छपरावर हा खटाटोप करू नये. दर दोन वर्षांनी कौले परतावी लागतात आणि वर पॅनेले असली तर ती परतता येत नाहीत.

धाब्याचे किंवा माळवदाचे घर. मराठवाडा, खानदेश व विदर्भाच्या काही भागांत ही घरे अजून वापरात आहेत. उन्हाळ्यात ती थंड असतात हे खरे. परंतु हातभर जाडीचा मातीचा थर दर चौरस मीटरला सातशे किलोंच्या घरात जातो, म्हणजे लाकडी तुळया आधीच कमालीच्या ओझ्याखाली असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, ती बहुतांशी दगड-मातीच्या भिंती व अशी जड छपरे अंगावर कोसळल्यामुळे. माळवदात बोल्ट धरणारे काहीच नसते. खड्डा केला की पाणी मुरते आणि तुळई कुजते. म्हणून माळवदावर पॅनेले बसवू नयेत, एवढेच सांगावे व त्यात तडजोड करू नये. पुरवठादार तयार आहे, हे कारण पुरेसे नाही.

अशा घरमालकास अंगणात किंवा परसात जमिनीत पाया घेऊन उभारलेल्या स्वतंत्र सांगाड्याचा पर्याय सुचविता येतो. नव्या पद्धतीने बांधलेला गोठा मजबूत असेल तर तोही चालू शकेल. परंतु त्या जागेवरील उभारणीस योजनेचे साहाय्य मिळेल की नाही, हे अर्ज करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. संच उभा राहिल्यावर विचारू नये.

अभियंत्याचा दाखला व पुरवठादाराचा करार

स्थैर्याचा दाखला देणारा अभियंता घरी आला होता काय, हा एकच प्रश्न कार्यकर्त्याने न चुकता विचारावा. कचेरीत बसून एकाच मसुद्यावर शंभर घरांचे दाखले निघू शकतात, आणि अशा दाखल्याने वारा थांबत नाही. दाखल्यात घराचा प्रकार, स्लॅबची जाडी, संचाचे वजन, हिशोबात धरलेला वाऱ्याचा वेग व बोल्टांचा आकार आणि खोली ही नोंद असावी. शासकीय निविदांत सांगाडा सामान्यतः ताशी १५० किलोमीटर वाऱ्यासाठी मागितला जातो. खाजगी ग्राहकानेही त्याहून कमी स्वीकारू नये आणि नागपूरसारख्या ठिकाणी अधिक मागावा. दाखल्यासाठी होणारा खर्च संचाच्या किमतीच्या मानाने थोडा असतो. दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून अभियंत्यास एकाच दिवशी गावात बोलाविले तर तो आणखी कमी होतो.

योजनेत ग्राहक व पुरवठादार ह्यांच्यामध्ये करार होतो व पाच वर्षे देखभालीची जबाबदारी पुरवठादारावर असते. करारावर सही करताना पॅनेलांची हमी सर्वजण वाचतात; सांगाड्याची व बोल्टांची हमी वाचावयाची राहते. पॅनेलांच्या जाहिरातीत पंचवीस वर्षे असतात, पण त्यांस धरून ठेवणारे लोखंड किती वर्षांचे, हे करारात लिहून घ्यावे. सांगाडा तयार झाल्यावर गरम जस्तात बुडवून काढलेला असावा. तसा सांगाडा गच्चीवर आणून पुन्हा जोडकाम केले तर त्या जागचे जस्त जळून जाते आणि पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. समुद्रकाठच्या गावांत तर फार लवकर. जोड बोल्टनेच करावेत. छताला भोके पाडली गेल्यानंतर गळती लागली तर ती कोणी काढून द्यावयाची, हेही करारात स्पष्ट असावे, कारण पुढे खरा वाद बहुधा ह्याच गोष्टीवरून होतो. भूजोडणी व वीजरोधक तारेची व्यवस्था मानकाप्रमाणे असावी. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही, कारण ती वीज कंपनीच्या पाहणीत येते.

संच बसविल्यानंतर

गच्चीवर कडबा किंवा सरमाड रचण्याची ज्या घरांत रीत आहे, तेथे ती सोडावी लागेल. कडबा पॅनेलांखाली सारल्याने विस्तवाचा धोका वाढतो आणि स्लॅबवर नको ते ओझे येते. मळणीच्या दिवसांत काचेवर धूळ व भुसकट बसते. ते सकाळी काच थंड असताना पाण्याने धुवावे आणि धुताना पॅनेलावर पाय देऊ नये. सांगाड्याच्या पायांशी पालापाचोळा अडकून गच्चीचा पाणी जाण्याचा मार्ग बुजतो. तो मृगापूर्वी मोकळा करावा.

वाऱ्याने सांगाडा अहोरात्र किंचित थरथरत असतो आणि त्या थरथरीने बोल्ट हळूहळू ढिले होतात. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, वळवाचा जोर सुरू होण्याच्या आत, प्रत्येक बोल्ट पान्याने तपासावा. घट्ट केल्यावर बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पुढे केव्हाही गच्चीवर गेले असता रेघ जुळलेली दिसली तर बोल्ट जागच्या जागी आहे. रेघेची दोन टोके सरकलेली दिसली तर तो ढिला झाला आहे, आणि त्यासाठी पुरवठादारास बोलाविण्याची वाट न पाहता पाना त्याच दिवशी वर न्यावा.